वन्संचे संध्याकाळचे पाय

पांढरा कोट पाहिला की मला शिसारी येते. लोकांना वाटतं, हिला हॉस्पिटलची भीती आहे. भीती कसली डोंबलाची. आमची लाँड्री आहे आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचे कपडे आमच्याकडेच येतात. चादरी, उशांचे अभ्रे, पडदे आणि डॉक्टरांचे कोट. कॉलरला मानेच्या मळाचा काळा पट्टा, बाहीला जेवणाचे डाग, खिशात कागदात गुंडाळलेला च्युइंगमचा चोथा. हे सगळं आधी माझ्या हाताला लागतं. मग धुऊन, कांजी करून, कडक इस्त्री होऊन ते परत जातं आणि तेच घालून ही मंडळी लोकांना स्वच्छतेवर चार शब्द सुनावतात. तेव्हा मला पांढऱ्या कोटाचं कौतुक सांगू नका. मी तो आतून पाहिलाय.

सांगायचंय ते माझ्या नणंदेबद्दल. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांना लाँड्रीच्या मोठ्या टेबलापाशी उभं पाहिलं. डाव्या हाताने कोटाची बाही ताणायची, उजव्याने वाफेची इस्त्री खांद्यापासून मनगटापर्यंत एका दमात फिरवायची, उलटायची, कॉलर शेवटी. एकीकडे नोकराला हाका, एकीकडे गिऱ्हाइकाशी बोलणं, आणि पाय खांबासारखे रोवलेले. मनात म्हटलं, बाई आहे की मशीन.

दुपारी जेवणं झाल्यावर पाहते तर हीच बाई भिंतीला धरून चवड्यांवर चाललेली. दोन्ही पावलं आत वळलेली, गुडघ्यावर गुडघा आपटतोय. आणि दिवेलागणीला तर त्या जमिनीवर बसून हातांच्या जोरावर मोरीकडे सरकत होत्या. नवऱ्याला म्हटलं, "अहो, वन्संना काहीतरी झालंय." पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले, "काही झालेलं नाही. रोजचंच आहे. सकाळी बरी होईल."

आणि खरोखर सकाळी त्या टेबलापाशी उभ्या होत्या.

असं ते गणित होतं. रात्रीच्या झोपेतून पाय परत मिळायचे, आणि दिवस चढत जाईल तसे सुटत जायचे. लहानपणापासूनचंच. शाळेत जाताना बरोबरीच्या मुलींच्या पुढे, शाळेतून येताना उजव्या बुटाचा पुढचा भाग घासत सगळ्यांच्या मागे. वर्षं गेली तशी दुपार लवकर यायला लागली. गल्लीतल्या लोकांनी त्यांचं नाव बारावाजे ठेवलं होतं, कारण दुपारी बाराच्या पुढे त्यांचं काही खरं नसायचं. "काय बारावाजे, आज किती वाजेपर्यंत?" असं दारावरून जाता जाता विचारायचे आणि दात काढायचे. वन्संही हसायच्या. मला ते हसणं बघवायचं नाही. नोकरमाणसं मागून कुजबुजायची की मालकाची बहीण आहे ना, नाचता येईना अंगण वाकडं, काम वाढलं की पाय वाकडे. अरे, पहाटे उठून तुमच्या तिघांचं काम एकटी उरकते, ते नाही दिसलं कुणाच्या डोळ्यांना.

डॉक्टर केले का? केले की. मी यायच्या आधी दोन झाले होते. पहिले म्हणाले, वाढीचं वय आहे, सुटेल. वाढ संपली, सुटलं नाही. दुसरे हाडांचे. त्यांनी लोखंडी पट्ट्यांचे बूट दिले. ते घालून संध्याकाळी पाय वळायचे, आणि बूट वळायचे नाहीत, तेव्हा घोट्याची सालं निघायची. ती दाखवली तर म्हणे, टाचेची शीर कापू. सासूबाई देवभोळ्या नाहीत, डॉक्टरभोळ्या आहेत, पण कापायचं म्हटल्यावर त्याही मागे हटल्या. तिसरे ते मोठे डॉक्टर. मेंदूचे. आमच्याकडे ज्या हॉस्पिटलचे कपडे येतात, तिथलेच. शहरात त्यांच्यावर कुणी नाही म्हणतात. नसेल. कोट मात्र त्यांचाच सगळ्यांत मळका असायचा.

आता इथे आमच्या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही लाँड्रीवाले. आमच्या घरातलं माणूस चुरगळलेल्या कपड्यांत उंबरा ओलांडत नाही. सासूबाई म्हणायच्या, परीक्षेला, कचेरीत आणि डॉक्टरकडे जाताना माणूस घडी मोडल्यासारखं नवं दिसलं पाहिजे, नाहीतर ते हात लावायला कचरतात. त्यामुळे हॉस्पिटलला जायचं असलं की आदल्या दिवशी वन्संना काम बंद. संध्याकाळीच झोपवायच्या. सकाळी न्हाऊ घालून, केस विंचरून, कडक कपडे घालून, दारात गाडी बोलावून न्यायच्या. एक पाऊल चालू द्यायच्या नाहीत. नंबर पहिला लागावा म्हणून उजाडताच जाऊन बसायचं. बाह्यरुग्ण विभाग तिथे फक्त सकाळी असतो. दुपारी डॉक्टर मंडळी आपापल्या खाजगी दवाखान्यांत गडप.

म्हणजे झालं काय, ज्या वेळी या बाईला काहीच होत नाही, नेमक्या त्याच वेळी, आणि तेही झोपवून, इस्त्री करून, आम्ही तिला डॉक्टरपुढे उभं करायचो. घरातल्या कुणालाच यात काही चुकतंय असं वाटलं नाही. उलट सासूबाईंना वाटायचं, किती नीट आणली मी पोरगी.

पण तोंडाने सांगत होतो ना आम्ही. मी पहिल्यांदा बरोबर गेले तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मोठ्या डॉक्टरांनी वन्संना दारापर्यंत चालवलं, परत आणलं. गुडघ्यावर हातोडी मारली. डोळ्यांत बॅटरी. म्हणाले, "छान चालता की."

वन्सं म्हणाल्या, "आत्ता चालते डॉक्टर. संध्याकाळी पडते. पाय आत वळतात."

"संध्याकाळी सगळेच थकतात. मीही थकतो."

"थकत नाही हो मी. पाय ऐकत नाहीत."

"पाय ऐकत नसते तर आत्ता कसे ऐकले?" असं म्हणून ते शेजारच्या शिकाऊ पोरांकडे बघून हसले. पोरंही हसली. साहेब हसले की हसायचं, एवढं पहिल्या वर्षातच शिकवत असावेत. मग त्यांनी विचारलं, लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, जसं काही दुखणंच सापडलं. म्हणाले, "घरात कोण कोण असतं?" सासूबाईंनी सांगितलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही भावजय का? जरा बाहेर थांबा."

मी बाहेर थांबले. दार पातळ होतं. आत माझी चौकशी चालली होती. भावजय बोलते का, जेवायला नीट देते का, भाऊ लक्ष देतो का लग्नानंतर. अहो, मला या घरात येऊन दोन वर्षं झालेली, आणि या बाईचे पाय ती शाळेत असल्यापासून वळतायत. मी काय जन्माआधीपासून छळत होते का त्यांना? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नणंदेला घेऊन गेले आणि आरोपी होऊन आले.

वन्संनी आत काय उत्तर दिलं ते मात्र मला नीट ऐकू आलं. म्हणाल्या, "भावजय माझे पाय चोळते रोज संध्याकाळी. तिलाच विचारा ना कसे असतात ते." पण मला कुणी आत बोलावलं नाही.

निदान झालं, मनाचं आहे. लक्ष वेधून घ्यायला करतात. मुद्दाम नाही, पण करतात. मुद्दाम नाही पण करतात म्हणजे काय, ते मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही. झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन वन्सं दुपारभर झोपायच्या आणि उठल्यावर संध्याकाळी दोन तास बऱ्या चालायच्या. सासूबाईंनी आनंदाने जाऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बघा, मी म्हणालो नव्हतो? मन शांत झालं की पाय चालतात." मन कसलं. झोप झाली म्हणून चालल्या. पण तेव्हा तेही आम्हाला खरं वाटलं, कारण बोलणाऱ्याच्या अंगात कोट होता.

आणि मग घरात जे सुरू झालं, त्याची मला सगळ्यांत जास्त किळस आहे. आधी निदान एवढं होतं की बाई आजारी आहे, कारण कळत नाही. आता कारण कळलं होतं. बाई सोंग करते. सासूबाई प्रेमाने, अगदी प्रेमाने, संध्याकाळी त्यांना उभं करायच्या. "ऊठ बघू. डॉक्टर म्हणालेत तुला काही झालेलं नाही." वन्सं उठायच्या. पडायच्या. "पडू नकोस. मनात आण." परत उठायच्या. त्यांच्या हनुवटीवर जी खूण आहे, ती फरशीची आहे. मी मध्ये पडले की सासूबाई म्हणायच्या, तू लाडावून ठेवलंस. हे आपले पेपरात. गल्ली आता उघड बोलायला लागली, कारण तिच्याजवळही डॉक्टरचा दाखला होता. मधल्या काळात एक बरा माणूस वन्संना मागणी घालून गेला होता, शिवणाच्या मशीन दुरुस्त करायचा. सकाळी कपडे टाकायला यायचा, गप्पा मारायचा. त्यालाही कुणीतरी सांगितलं की पोरगी सोंगाडी आहे. तो दुसऱ्या लाँड्रीत कपडे द्यायला लागला.

वन्सं या सगळ्याबद्दल एकदाच माझ्याजवळ बोलल्या. मी पाय चोळत होते, पोटऱ्या लाकडासारख्या झालेल्या. म्हणाल्या, "अगं, तुला तरी खरं वाटतं ना?" मी म्हटलं, "वन्सं, हे पाय माझ्या हातात आहेत. मला कोण काय सांगणार." त्या म्हणाल्या, "चालले नाही तरी चालेल गं मला. पण मी खोटं करत नाही, एवढं आईला कुणीतरी सांगायला हवं."

अशी वर्षं गेली. वर्षं म्हणजे किती ते मोजत बसत नाही, माझी मुलगी जन्माला येऊन शाळा संपवून बाहेर पडली, एवढी.

मग हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आलं. मोठ्या डॉक्टरांचा कोट खास निरोपासकट आला. फोटो निघणार आहेत, इस्त्री कडक हवी. उद्घाटनाच्याच दिवशी सकाळी वन्संना तपासायला बोलावलेलं होतं. औषधं बदलून द्यायची म्हणून. पण नेमका इस्त्रीवाला नोकर आला नाही, आणि तो नसताना तसला कोट वन्संशिवाय कुणाच्या हातून होणार नव्हता. तेव्हा पहिल्यांदाच असं झालं की हॉस्पिटलला जायच्या दिवशी त्या विश्रांती न घेता पहाटेपासून टेबलापाशी उभ्या राहिल्या. तो कोट केला. त्याच्याबरोबर आलेला सगळा गठ्ठा केला. मग आम्ही दोघी गेलो. सासूबाईंचं अंग तापलं होतं, त्या घरी राहिल्या. नाहीतर उगाच सजवत बसल्या असत्या.

वन्सं आपल्या पायांनी चालत आत गेल्या. नर्सने पाहिलं. नंबर लागला. आणि बसलो. डॉक्टर फीत कापायला गेलेत, येतील. डॉक्टर भाषण करतायत, येतील. डॉक्टर जेवायला बसलेत. एकेक करून माणसं उठून गेली. एक म्हातारे होते, हात थरथरायचे त्यांचे, ते बाकावरच आडवे झाले. त्यांच्या मुलाने नर्सला विचारलं तर ती म्हणाली, घाई असेल तर दुसरीकडे जा. दुपार झाली तसे वन्संचे पाय जायला लागले. मी म्हटलं, घरी जाऊ. त्या म्हणाल्या, "नको. आज थांबू. आज मी इस्त्रीतली नाहीये."

त्या वेळी मला त्याचा अर्थ नीट लागला नाही. नंतर लागला.

उन्हं उतरली तेव्हा मोठे डॉक्टर आले. मागे शिकाऊ पोरांची वरात. अंगात आमचा कोट, छातीला फूल, दातात काडी. बाकावर वन्सं. पावलं आत, टाचा वर, मान एका बाजूला ओढलेली, कपडे बोळा झालेले. डॉक्टरांनी नर्सला विचारलं, "हे काय?" नर्स म्हणाली, "सकाळी चालत आल्या होत्या सर, मी पाहिलंय."

डॉक्टर पोरांकडे वळून म्हणाले, "बघा. सकाळी चालत आली. वाट बघून कंटाळा आला, मग हे सुरू. याला म्हणतात लक्ष वेधून घेणं." मग वन्संना म्हणाले, "उठा."

"डॉक्टर, हेच सांगत होते मी इतकी..."

"उठा म्हणजे उठा."

वन्सं उठल्या. एक पाऊल टाकलं आणि तोल गेला. पडताना हाताला जे लागलं ते धरलं. तो कोट होता. खिशाची कड त्यांच्या मुठीत आली, आणि पहाटे त्यांनीच घातलेली घडी मोडली. डॉक्टर म्हणाले, "कोट सोडा." पडणारं माणूस त्यांच्या पायाशी, आणि हे कोटाचा खिसा झाडतायत. वन्सं खाली बसल्या फरशीवर. डॉक्टर म्हणाले, मानसोपचाराकडे पाठवा, आणि निघून गेले. वरात त्यांच्या मागून गेली. माझ्या तोंडात थुंकी जमली होती. गिळली. हॉस्पिटलची फरशी पुसणाऱ्या बाईचा काय दोष.

एक जण मागे राहिली. नवी डॉक्टरीण, बाहेरगावाहून नुकतीच आलेली. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांकडे बघून घेतलं आधी, कुणी नाही ना. मग वन्संसमोर उकिडवी बसली, पाऊल हातात धरून बघितलं आणि विचारलं, "झोपून उठल्यावर कशा असता?"

बस. एवढाच प्रश्न. इतक्या वर्षांत, इतक्या डॉक्टरांत, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वन्संनी माझ्याकडे बोट केलं. मीच सांगितलं. मला बाहेर थांबायला कुणी सांगितलं नाही.

ती म्हणाली, असा एक आजार असतो, फार थोड्यांना होतो. मेंदूत एक द्रव्य कमी पडतं. झोपेत थोडं साठतं, दिवसभरात संपतं. पुस्तकात वाचलं होतं, माणसात पहिल्यांदा पाहतेय. खाली सही न करता एक गोळी लिहून दिली. घेऊन पाहा, फरक पडला नाही तर मी चुकले म्हणा. मी तिचे हात धरणार तोच ती म्हणाली, "सरांपुढे माझं नाव घेऊ नका हं. मला इथे अजून राहायचंय." मी हात मागे घेतले. उपकार मानावे, तर तेही धड मानू देत नाहीत.

गोळी अगदी साधी. आमच्या साबणाची वडी महाग पडेल तिच्यापेक्षा. आठवडाही झाला नसेल. संध्याकाळी मी आत काहीतरी करत होते, आणि मागच्या अंगणातून दोरीवरच्या चादरी ओढल्याचा आवाज आला. बाहेर जाऊन पाहते तर वन्सं. उभ्या. चादर दोन्ही हातांनी ताणून घडी घालतायत. मी सवयीने ओरडले, "वन्सं, पडाल." त्या म्हणाल्या, "नाही पडणार बहुतेक. दुसरं टोक धर."

मी टोक धरलं. आम्ही दोरी रिकामी केली. लोक म्हणतील, केवढा आनंद झाला असेल तुला. झाला ना. पण खरं सांगते, त्याआधी मला मळमळलं. एवढीशी गोळी. एवढीशी, आणि ती हॉस्पिटलच्याच तळमजल्यावरच्या औषधाच्या दुकानात सगळा वेळ पडून होती. आम्ही तिच्या शेजारून जायचो आणि यायचो.

आता आयत्या बिळावर नागोबा कसा येतो ते ऐका. पुढच्या वेळी वन्सं मोठ्या डॉक्टरांपुढे चालत गेल्या, त्यांच्या खाजगी दवाखान्यात, दिवस कलताना, कारण मी मुद्दाम शेवटचा नंबर लावायला लावला होता आणि तास न् तास थांबले होते. त्यांनी कागद पाहिला, गोळी पाहिली, वन्संना दोनदा चालवलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मला पहिल्यापासून शंका होतीच." मी तोंड उघडलं, वन्संनी माझ्या पायावर पाय दिला. दुखेल एवढ्या जोराने. तेव्हा कळलं, जोर आलाय.

आणि मग लाँड्रीत माणूस आला निरोप घेऊन. हॉस्पिटलच्या सभागृहात डॉक्टरांचं संमेलन आहे, ठिकठिकाणचे लोक येणार, मोठे डॉक्टर या दुर्मिळ आजारावर बोलणार आहेत, बाईंना आणायचं आहे. कार्यक्रम संध्याकाळी. फक्त एक करायचं. आदल्या दिवसापासून गोळी घ्यायची नाही. म्हणजे लोकांना आजार नीट दिसेल. दाखवून झालं की तिथेच गोळी देऊ.

माझं डोकं फिरलं. तमाशातलं माकड आहे का ती, म्हटलं. हे म्हणाले, "हळू बोल. हॉस्पिटलचे कपडे त्यांच्या शब्दावर आहेत." सासूबाई म्हणाल्या, "एक दिवसाचा तर प्रश्न. देवमाणूस आहे तो. त्याच्यामुळे पोरगी उभी राहिली." मी म्हटलं, सासूबाई, त्याच्यामुळे नाही, त्याच्या मागे जी राहिली होती तिच्यामुळे. त्यांना ते कळलं नाही. वन्सं सगळं ऐकत कॉलर दाबत होत्या. इस्त्री उचलून म्हणाल्या, "जाईन की." आणि मला म्हणाल्या, "माझे कपडे तू कर या वेळी. कडक."

सभागृह कोटांनी भरलेलं. अर्धे आमच्या हातचे, मी पाहूनच ओळखले. नवी डॉक्टरीण शेवटच्या रांगेत, नजर जमिनीत. मोठे डॉक्टर माईकवरून इतकं सुंदर बोलले की काय सांगू. रुग्णाचं ऐकणं ही कला आहे, म्हणाले. तो जे सांगतो त्यातच निदान असतं, म्हणाले. मग म्हणाले, "आता आपण आजार प्रत्यक्ष पाहू." दोन वॉर्डबॉय चाकांची खुर्ची घेऊन वन्संपाशी आले. वन्सं त्यांना म्हणाल्या, "राहू दे बाबांनो." उठल्या. मधल्या वाटेने चालत गेल्या. पायऱ्या चढल्या. कठड्याला हात न लावता. आणि डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या, टेबलापाशी राहतात तशा, पाय रोवून.

डॉक्टरांनी माईकवर हात ठेवला, पण तो नीट झाकला गेला नाही. सगळ्यांना ऐकू आलं. "गोळी घेतलीत?"

"घेतली."

"घेऊ नका म्हणून निरोप दिला होता ना?"

वन्सं म्हणाल्या, "इतकी वर्षं न घेताच येत होते तुमच्याकडे. तेव्हा बघायचं होतं."

आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकाला कपडे कधी मिळतील ते सांगावं तसं सांगितलं. सभागृहात कुणीतरी खोकलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. घातली असती तर मी आज हे सांगत बसले नसते. त्यांनी माईकवरचा हात काढला आणि मोकळं हसून म्हणाले, "पाहिलंत? हाच तो फरक. योग्य निदान झालं की रुग्णात आत्मविश्वास येतो तो असा." आणि स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळे वाजवायला लागले. शेवटच्या रांगेतलीसुद्धा. वन्सं त्या टाळ्यांमधून खाली उतरल्या आणि सरळ दाराकडे चालायला लागल्या. आम्ही दोघी सासू-सुना त्यांच्या मागून.

बाहेर संध्याकाळ होती. दुकानं उघडी, रस्त्याला माणसं. सासूबाई चालता चालता सुरूच. "डॉक्टरांना असं बोलतात का? चारचौघांत? एवढं केलं त्यांनी तुझं." गाडी करू म्हणाल्या. वन्सं म्हणाल्या, चालत जाऊ. आणि मग रस्त्याच्या कडेला थांबल्या, आईकडे वळल्या.

"आई, मी संध्याकाळी पडायचे ना, ते खरं होतं."

सासूबाई थांबल्या. वन्संच्या हनुवटीकडे बघत होत्या त्या, त्या खुणेकडे. मला वाटलं, आता जवळ घेतील.

"मला काय माहीत गं," त्या म्हणाल्या. "एवढे शिकलेले. डॉक्टर म्हणाले होते ना तसं."

वन्संनी थोडा वेळ वाट पाहिली. अजून काही येतंय का म्हणून. मग पदपथावर चढल्या आणि घराच्या दिशेने चालू लागल्या, एवढ्या झपाट्याने, की त्यांना गाठताना आम्हा दोघींना धाप लागली.